जोरीबद्दलचं ते एक वाक्य

"कोण आहे हा मेला 'ओला गहू'?"

मूंटा गावच्या वाचनालयात शिरल्या शिरल्या मी हे इतक्या मोठ्यांदा विचारलं, की लॉर्नाबाईंचा पुस्तकावर मारायला उचललेला शिक्का हातातच राहिला. शनिवारची सकाळ होती, बाहेर उत्तरेच्या वाळवंटाकडचा गरम वारा सुटला होता आणि माझं डोकं त्याहून गरम होतं. तीन आठवडे खपून मी इंटरनेटवरच्या त्या विश्वकोशात आमच्या संस्थेवर लेख लिहिला होता. चांगला चार पानी! सकाळी उघडून बघते, तर नऊ ओळी. बाकी सगळं 'ओला गहू' असं नाव घेतलेल्या कोण्या महाभागानं उडवलेलं.

"अगं मेरिन, हळू…" लॉर्नाबाईंनी डोळ्यांनीच खिडकीकडे खूण केली.

खिडकीपाशी उन्हानं लालबुंद झालेला एक उंच माणूस कॉम्प्युटरसमोर पेस्टी, म्हणजे आमच्याकडची मांस-बटाट्याची भलीमोठी करंजी, खात बसला होता. बाह्यांवर गव्हाचा भुसा तसाच. त्यानं शांतपणे तोंड पुसलं, उभा राहिला आणि म्हणाला, "मीच तो मेला."

झालं! पुढं काय बोलायचं ठरवून आले होते, ते मी साफ विसरले.

त्याचं नाव क्लेम नित्श्के. शेजारच्या वॉलरूच्या धान्यकोठारांवर हंगामापुरता आला होता. शेतकऱ्यांनी आणलेला गहू तपासायचा आणि ओल जास्त निघाली की अख्खा ट्रक परत पाठवायचा, हे त्याचं काम. अशा माणसाला आमच्याकडे कोणी चहासुद्धा पाजत नाही. आणि सुट्टीच्या दिवशी हा फुकटात विश्वकोशातले लेख निवडत बसायचा. म्हणजे सातही दिवस लोकांना नाही म्हणायचं!

"'अथक' या शब्दात काय वाईट आहे हो?" मी विचारलं. "'अथक परिश्रमांनी' असं लिहिलं होतं मी. बाबांबद्दल."

"तुमचे बाबा थकत नाहीत?"

"थकतात की. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. दुपारी जेवून दोन तास आडवे होतात."

"मग?"

हसू येऊ नये म्हणून मी ओठ घट्ट आवळले… तरी आलंच.

त्यानं मग शेजारची खुर्ची ओढून दिली आणि नियम समजावले. जे बाहेरच्या कोणी छापलंय तेच लेखात राहतं. संस्थेनं स्वतःची आरती ओवाळलेली चालत नाही. मी संस्थेची चिटणीस, त्यात संस्थापकांची मुलगी, म्हणून मी लेखाला हात लावायचा नाही. लेखामागं एक चर्चेचं पान असतं, तिथं काय ते मागायचं. "लेखातल्या माणसांशी ज्याचं नातं, त्यानं ते उघड सांगून बाजूला व्हायचं," तो म्हणाला. "आमच्यातला हा जुना रिवाज आहे."

"आणि मागितलेलं द्यायचं की नाही, ते तुम्ही ठरवणार?"

"मी आणि माझ्यासारखे जगभरातले चार रिकामटेकडे."

आमची संस्था म्हणजे जोरी ट्रेझाइस फाउंडेशन. दर जानेवारीत, आमच्या ऐन उन्हाळ्यात, आसपासच्या शेतकऱ्यांच्या मुलांना फुकट पोहायला शिकवतो. जोरी माझा धाकटा भाऊ. बावीस वर्षांपूर्वी गेला, आठ वर्षांचा होता.

त्यानंतर दर शनिवारी मी जुनी कात्रणं काखोटीला मारून वाचनालयात जायला लागले. लेखासाठीच… निदान लॉर्नाबाईंना मी तसं सांगत होते. क्लेम पेस्टीवर टोमॅटो सॉस ओतायचा, आणि ते आमच्या जुन्या घरांत पाप. "माझ्या आजीनं असल्या माणसाला दारात उभं केलं नसतं," मी म्हणायचे. "म्हणून तर मी आजीच्या नातीकडे आलो," असं म्हणून तो पेस्टीचा कडेचा कुरकुरीत तुकडा माझ्याकडे सरकवायचा. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, आम्हाला कळलंच नाही.

नोव्हेंबरात अवेळी पाऊस आला. पाऊस पडला की कापणी बंद, कोठारं बंद. सगळा गाव आभाळाला शिव्या घालत होता आणि मी मात्र खिडकीशी उभी राहून मनात म्हणत होते, आणखी एक दिवस पड रे बाबा… फक्त एक दिवस! कारण पाऊस असला, की क्लेम मंगळवारीसुद्धा वाचनालयात असायचा. स्वार्थीपणाची हद्दच म्हणायची.

अशाच एका ओल्या मंगळवारी त्यानं पडद्यावर बोट ठेवलं. "तुझ्या चार पानांतलं हे एक वाक्य मी शब्दही न बदलता ठेवलंय. सुंदर आहे आणि पुरावाही पक्का आहे. तुमच्या साप्ताहिकात पहिल्या पानावर आलं होतं."

'धक्क्यावरून पाण्यात पडलेल्या एका लहान मुलीला वाचवताना जोरीनं प्राण गमावले.'

"ते काढ," मी म्हणाले.

"काय?"

"बाकी काहीही ठेव. अगदी मी लिहिलेलं सगळं उडव. पण ते काढ ना."

त्याला वाटलं मी थट्टा करतेय. माझ्या चेहऱ्याकडे बघून त्याचं हसू विरलं. मी छत्री घेतली आणि बाहेर पडले. तो मागोमाग आला. मूंटा बेच्या लांब लाकडी धक्क्याच्या टोकाशी आम्ही भिजत उभे राहिलो आणि बावीस वर्षांत कोणालाही सांगितलं नव्हतं ते मी त्याला सांगितलं.

"लहान मुलगी नव्हतीच, क्लेम. आम्ही दोघंच होतो. जोरीनं खेकड्यांचं जाळं सोडलं होतं. बाबा मला म्हणाले होते, तू मोठी आहेस, त्याच्यावर लक्ष ठेव. मी बारा वर्षांची होते. तिकडे धक्क्याच्या सुरुवातीला एक मुलगा नवी सायकल घेऊन आला होता… मी त्याच्याशी बोलायला गेले. दहा मिनिटं असतील. परत आले तर जाळ्याचा दोर ताठ होता आणि पाण्यावर त्याची टोपी होती."

"मेरिन…"

"थांब, बोलू दे. बाबा धावत आले. साप्ताहिकाचा माणूस आला. बाबांनी त्याला सांगितलं, बाहेरगावच्या लोकांची एक छोटी मुलगी पडली होती, तिच्यासाठी यानं उडी मारली. ती माणसं निघून गेली, नाव माहीत नाही. मग काय, सगळे त्या मुलीलाच शोधत राहिले. मी कुठं होते, हे कोणी विचारलंच नाही. दरवर्षी पहिल्या दिवशी मुलं ओळीत बसतात आणि मी, मीच त्यांना ही गोष्ट सांगते. आई तर मरेपर्यंत दर रविवारी त्या मुलीसाठी प्रार्थना करायची. लेखातही सवयीनं तेच लिहिलं, पण तू त्याला पक्का पुरावा म्हणालास आणि आता मला ती गोष्ट सांगवत नाही रे. या जानेवारीत नाही सांगवणार."

पाऊस त्याच्या भुवयांवरून गळत होता. तो म्हणाला, "तुझ्या सांगण्यावरून मला ते काढता येत नाही."

"मी तिथं होते!"

"तू तिथं होतीस, हे कुठंच छापलेलं नाही."

इतका राग आला मला! मी त्याला तिथंच सोडून चालती झाले. माझा हात धरायला त्यानं हात पुढं केला होता, तो मी पाहिला आणि पाहिला नाही असं केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी लॉर्नाबाईंचा फोन आला. "मेरिन, ते चर्चेचं पान बघ गं. मी आपली सहज उघडलं… बघच तू."

पानाच्या तळाशी क्लेमनं लिहिलं होतं:

'मी या लेखातून बाजूला होत आहे. या संस्थेतली एक व्यक्ती मला फार जवळची झाली आहे. तिच्या बाबतीत काय ठेवावं आणि काय काढावं, हे आता मला निष्पक्षपणे ठरवता येणार नाही. यापुढे मी या लेखातलं एक अक्षरही बदलणार नाही. पुढचं इतरांनी बघावं.'

मी ते चार वेळा वाचलं. कोणाला गुलाब मिळतात, कोणाला पत्रं मिळतात… आणि मला हे, अख्ख्या जगासमोर! हसावं की रडावं कळेना. दोन दिवसांत 'इतरांनी' काम हाती घेतलं. पर्थचा एक माणूस आणि डनेडिनची एक बाई. दोघांचंही एकमत झालं, की जोरीचं वाक्य फार महत्त्वाचं आहे, पुरावाही भक्कम आहे. त्यांनी ते उचलून लेखाच्या पहिल्याच ओळीत नेऊन बसवलं.

मी तशीच गाडी काढून वॉलरूला गेले. ट्रकांच्या रांगेशेजारी क्लेम गहू तळहातावर घेऊन बघत होता.

"पळालास," मी म्हणाले. "मला एकटीला टाकून पळालास."

"राहिलो असतो तर काढलं असतं ते वाक्य." त्यानं तळहातावरचा गहू परत टाकला. "काहीतरी खोटं कारण दिलं असतं आणि काढलं असतं. मग तू आयुष्यभर एकाऐवजी दोन खोट्या गोष्टी सांभाळत बसली असतीस. ते मला नको होतं."

मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. क्लेम हळूच म्हणाला, "ते वाक्य जायचा एकच रस्ता आहे. तू जे मला सांगितलंस, ते छापून यायला हवं. पण कर असं मी म्हणणार नाही. मला तो अधिकार नाही."

घरी बाबा स्वयंपाकघरात उकडलेले खेकडे सोलत बसले होते. मी समोर बसले.

"बाबा, यंदा मी मुलांना खरं सांगणार आहे. साप्ताहिकवाले असतील. छापून येईल."

त्यांचे हात थांबले नाहीत. "कशाला ते आता?"

"ती लहान मुलगी नव्हती, बाबा."

"होती."

"बाबा…"

"होती, म्हणतो ना!" त्यांनी पहिल्यांदा वर पाहिलं. "बारा वर्षांची होती. धक्क्यावर भावाची पाण्यातून काढलेली टोपी छातीशी धरून बसली होती. तोंडातून शब्द फुटत नव्हता. माझा मुलगा तर गेलाच होता. आता गाव हिला जगू देणार नाही, एवढं एकच मला दिसत होतं. तुझ्या आईनं तुझ्याकडे कसं पाहिलं असतं, सांग बरं. एक तरी लेकरू वाचवावं म्हणून बोललो मी."

माझ्या बाबांनी हे बावीस वर्षं एकट्यानं पोटात ठेवलं होतं. मी त्यांचे ओलसर, खारट हात धरले.

"पण मी वाचले नाही हो, बाबा. मी अजून तिथंच बसलेय."

त्यांनी हात सोडवून घेतले आणि पुन्हा खेकडा उचलला. "तुला काय करायचं ते कर. मी यंदा येणार नाही."

जानेवारीच्या त्या सकाळी मुलं ओळीत बसली. नाकाला उन्हासाठीचं पांढरं मलम, खांद्यावर टॉवेल. साप्ताहिकाचा माणूस नेहमीसारखा फोटोला आला होता. पहिल्या रांगेतली बाबांची खुर्ची रिकामी होती. मी सांगितलं. सगळं सांगितलं, सायकलवाल्या मुलासकट. मागं उभ्या असलेल्या आयांपैकी एकीनं तोंडावर हात ठेवला. दोघी आपापल्या मुलांना घेऊन निघून गेल्या.

पुढं बसलेल्या एका चिमुरडीनं हात वर केला. "मग तू खूप रडलीस का गं?"

"नाही गं," मी म्हणाले. "सगळे त्याला शूर म्हणत होते. रडायचं राहूनच गेलं."

गुरुवारी छापून आलं. बाबांनी टेबलाशी बसून सावकाश, शेवटपर्यंत वाचलं. मग घडी घालत म्हणाले, "फोटो बरा आलाय जोरीचा." आणि खोलीत जाऊन पडले. तेव्हापासून त्यांनी संस्थेत पाऊल टाकलेलं नाही. माझ्यापुरता चहा तेवढा रोज सकाळी किटलीत झाकून ठेवतात.

शनिवारी मी वाचनालयात गेले. हंगाम संपून आठवडा झाला होता, कोठारांना कुलपं लागली होती. क्लेमनं कधीच निघून जायला हवं होतं. तो खिडकीपाशी बसला होता.

"डनेडिनच्या बाईंनी बदललंय," तो म्हणाला. "वाचू?"

मी मान डोलावली.

"'संस्थेला जोरी ट्रेझाइस या आठ वर्षांच्या मुलाचं नाव दिलेलं आहे. मूंटा बेच्या धक्क्यावर खेकडे धरताना तो पाण्यात बुडाला. त्याला पोहता येत नव्हतं.'"

एवढंच. मी खिडकीबाहेर बघत राहिले. मग उगाचच भांडायला उठल्यासारखं म्हणाले, "तू बाजूला का झालास?"

"लिहिलंय की तिथं."

"ते जगाला लिहिलंस. मला तोंडानं सांग."

लॉर्नाबाई एकाएकी मागच्या कपाटातली पुस्तकं लावायला निघून गेल्या. क्लेम लाल होताच, आणखी लाल झाला. "माझं प्रेम आहे तुझ्यावर, मेरिन. पहिल्या दिवसापासून… तू मला मेला म्हणालीस तेव्हापासून. तू हो म्हणालीस तर मी इथंच काम बघीन."

या क्षणी काय बोलायचं, याच्या मी किती तालमी केल्या होत्या! लाजायचं, थोडं छळायचं, मग हो म्हणायचं. पण तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर आलं.

"तो भ्यायला असेल रे," मी म्हणाले. "क्लेम, तो किती भ्यायला असेल… त्यानं मला हाका मारल्या असतील."

आणि बावीस वर्षांनी मी माझ्या भावासाठी रडले. क्लेमनं मला जवळ घेतलं. रडू नको, असं तो एकदाही म्हणाला नाही.