खोली नंबर अकरामधली खडूची रेघ

बाथरूममागच्या पाणी तापवायच्या चुलीत आदेशचं बॉटनीचं रेकॉर्ड, म्हणजे प्रॅक्टिकलची वही, सापडलं, तेव्हा सकाळचे दहा वाजले होते आणि अर्ध्या होस्टेलची आंघोळ व्हायची होती.

गृहपाल गुणवंतरावांनी ते चिमट्यानं ओढून काढलं, बादलीत बुडवलं, वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि लाख वितळवून वर सील मारलं. पुराव्याला कुणी हात लावायचा नाही, असं बजावलं. पुरावा उघडून बघायचा असतो, हे त्यांना सुचलं नाही.

शनिवारी प्रॅक्टिकल. रेकॉर्डशिवाय परीक्षक आत घेत नाहीत. जळलेल्या रेकॉर्डला पंधरा दिवसांची मुदत मिळते, पण त्याला गृहपालाचा दाखला लागतो. आणि दाखल्यात जाळणाऱ्याचं नाव लागतं.

नाव शोधायला फार लांब जावं लागलं नाही. चूल पेटवायची पाळी त्या आठवड्यात सुरेंद्रची होती. तो आदेशचाच रूममेट, अहेरीकडचा, तलावात मासे धरणाऱ्या घरातला. घरून येताना डबाभर सुकलेली मासोळी आणायचा. त्या वासावरून आदेशनं दोन महिन्यांपूर्वी खोलीच्या मधोमध खडूनं रेघ मारली होती. दार आदेशकडे, खिडकी सुरेंद्रकडे. संडासला जायचं तरी सुरेंद्रला सरहद्द ओलांडावी लागे. मासोळीविरुद्ध बारा सह्यांचा एक अर्जही नोटीस बोर्डावर झळकत होता.

गुणवंतरावांना एवढं पुरलं. सुरेंद्रला काढल्याचं पत्र त्यांनी टाइप करून घेतलं. चारच्या अहेरी गाडीनं त्यानं जायचं. चंद्रपुरात त्याचं कुणी नव्हतं. होस्टेल सुटलं की कॉलेज सुटलं, आणि कॉलेज सुटलं की पुन्हा जाळं.

लटारू शेवटच्या वर्षाचा, मेसचा सेक्रेटरी. आजवर त्यानं एकच प्रकरण उकललं होतं. हरवलेला वाढायचा डाव वरणाच्या गंजाच्या तळाशीच निघाला होता, तोही सगळ्यांची जेवणं झाल्यावर. तरी तो गुणवंतरावांकडे गेला आणि चार वाजेपर्यंतची मुदत मागून आला. का, ते त्याचं त्यालाही नीट सांगता आलं नसतं. बारा सह्यांतली पहिली कुणाची, हा प्रश्न मात्र त्यानं तपासाला घेतला नाही.

सुरेंद्र गादी गुंडाळत होता.

"चूल कवा पेटवली?" लटारूनं विचारलं.

"साडेपाचले. साताले लाकडं सारली अन् क्लासले गेलो."

"तुले रेकॉर्ड जाळायचंच असतं तर कसं जाळलं असतं?"

सुरेंद्रनं त्याच्याकडे येड्याकडे पाहावं तसं पाहिलं. "पानं फाडून. मिटलेली वही पेटते का भाऊ? माही माय तर गोवरी बी मोडून घालते."

आदेश रेघेपलीकडे खाटेवर बसला होता. माजरीचा पोरगा, बाप कोळसा खाणीत. डोळे लाल होते. रेकॉर्ड सोमवारपासून खिडकीत होतं, असं त्यानं सांगितलं. आकृत्यांची शाई वाळायला ठेवलं होतं. आज सकाळी पाहिलं तर नाही.

"खिडकी तं त्याच्या बाजूनं आहे."

"ऊन तिकडंच येते ना भाऊ. उन्हाले रेघ समजत नाई."

उत्तर चोख होतं. लटारू रेघ ओलांडून खिडकीपाशी गेला. चंद्रपुरात खिडकी उघडी ठेवली की काळी धूळ पाहुण्यासारखी येते आणि जायचं नाव घेत नाही. होस्टेलात पुसणं शनिवारी, आणि आज गुरुवार. कट्ट्यावरची धूळ या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी होती, कुणी इस्त्री फिरवल्यासारखी. लटारूनं तिच्यावरून बोट फिरवलं, काळं झालेलं बोट बघितलं आणि पँटला पुसलं.

साडेतीनला तो दोघांना घेऊन गुणवंतरावांच्या खोलीत गेला आणि सील फोडा म्हणाला. गुणवंतराव कचरले. सील त्यांनी स्वतः मारलं होतं आणि ते छान उमटलं होतं. शेवटी त्यांनीच ते फोडलं.

कडा कोळसा झाल्या होत्या. मधली पानं ओली, पण शाबूत. लटारूनं ती एकेक सोडवली. आठ पानांवर आकृत्या आणि मॅडमच्या सह्या. पुढं सगळं कोरं.

"सर, चार दिवस वही खिडकीत असती तं धुळीत तिचा चौकोन उमटला असता. तिथं चौकोन नाई. वही तिथं नव्हतीच. आदेशले ती फक्त रेघेच्या त्या बाजूले दाखवायची होती."

"पण जाळली कोणी?" गुणवंतरावांनी विचारलं.

"ज्याले लाकडाची चूल माहीत नाई त्यानं. माजरीच्या क्वार्टरात कोळशाची शेगडी असते. तिच्यात टाकलं ते गेलं. इथं सुरेंद्र साताले गेला, नऊपर्यंत लाकडाचे निखारे झाले. त्याच्यात मिटलेली वही टाकली की कडाच जळतात. सुरेंद्रनं टाकली असती तं फाडून टाकली असती, अन् आपल्याले राखच भेटली असती."

आदेशनं नाही म्हटलं नाही. बाबा आजारी होते, महिनाभर माजरीला राहावं लागलं, पाच प्रॅक्टिकल बुडाले, मॅडम अर्धं रेकॉर्ड घेईनात. सगळं तो जमिनीकडे बघून बोलला.

"मंग त्याचंच नाव काऊन?" लटारूनं विचारलं.

आदेशनं पहिल्यांदा मान वर केली. "त्याच्या बाजूनं भांडाले कोणी आलं नसतं म्हणून."

गुणवंतरावांनी टाइप केलेलं पत्र हातात घेतलं, त्यातलं नाव खोडलं आणि नवं लिहायला पेन उघडलं. मग ते तसंच धरून बसले.

चारची गाडी गेली. सुरेंद्रनं गादी पुन्हा खाटेवर पसरली, पेटीतून आपलं रेकॉर्ड काढलं आणि बरोबर खडूच्या रेघेवर ठेवलं. "उतरवून घे. दोन दिवस आहेत." आदेशचा हात पुढं झाला नाही. सुरेंद्रनं त्याच्याकडे बघितलंही नाही.

दारातल्या लटारूकडे मात्र त्यानं बघितलं.

"भाऊ, तुमाले एवढं शोधता येते, तं त्या अर्जावरची पहिली सही कोणाची, थे बी सांगा ना."

शोधायचं काही नव्हतं. त्या अर्जाचं अक्षरही लटारूचंच होतं.