चौथ्या स्लॉटचा मळ

मला घाणीची किळस आहे आणि ती मी लपवत नाही. दुसऱ्याच्या कीबोर्डला हात लावण्याआधी मी तो स्पिरिटने पुसतो. बायको म्हणते, तुम्ही साबणाशीच लग्न करायला हवं होतं. धंदा मात्र नेमका लोकांची मशीन्स उघडण्याचा. त्यांत काय काय निघतं हे सांगायला बसलो, तर ऐकणाऱ्याला घास गिळवणार नाही. केस, झुरळांची अंडी, एकदा तर चघळून चिकटवलेलं च्युइंगम.

म्हणूनच ही पॅथॉलॉजी लॅब मला आवडायची. सर्व्हरची खोली बिनखिडकीची, भिंतींना छतापर्यंत पांढऱ्या टाइल्स, आत जाताना बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवायच्या. एका बाजूला सर्व्हरचं कपाट आणि समोर ताईंचं टेबल. ताई म्हणजे पेशंटचे रिपोर्ट सांभाळणाऱ्या बाई, डॉक्टरांसकट सगळे त्यांना ताईच म्हणत. त्यांचा नवरा बरीच वर्षं अंथरुणाला खिळून होता, त्याचं सगळं त्याच करायच्या आणि घरही त्यांच्याच पगारावर चालायचं.

फोन ताईंचाच आला. सर्व्हरवर पिवळा दिवा लागलाय आणि स्क्रीनवर मेमरीची वॉर्निंग येतेय, चौथ्या स्लॉटची. अशी वॉर्निंग आली म्हणजे लगेच आभाळ कोसळत नाही. रॅमच्या, म्हणजे स्लॉटमध्ये बसणाऱ्या मेमरीच्या पट्टीवर एखादी चूक होते, मशीन ती स्वतःच दुरुस्त करतं आणि तशी नोंद ठेवतं. चुका फार वाढल्या, तर मात्र सर्व्हर बंद पडतो आणि रिपोर्ट अडकतात. उपाय बहुतेक वेळा सोपा असतो. पट्टी काढायची, तिचे सोनेरी दात खोडरबरने हलकेच घासायचे आणि परत बसवायची. कंपनीच्या पुस्तकात हे लिहिलेलं नसतं, पण आमच्यातल्या प्रत्येकाच्या बॅगेत खोडरबर सापडेल.

पट्टी हातात घेतली तर ती चिकट होती. मी दोन बोटांत धरून घासायला लागलो. रबराचे पांढरे कण पडायला हवे होते, पडल्या त्या करड्या वळ्या. अंघोळीत मान चोळली की निघतात ना, तशा. मऊ आणि ओलसर. वासही तोच, न धुतलेल्या कानामागचा. मी तोंड बाजूला फिरवलं. तरी दुसऱ्याच्या खोलीत कचरा टाकणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून त्या वळ्या मी माझ्या बॅगेतल्या, पट्टीच्या रिकाम्या प्लास्टिकच्या डबीत भरल्या.

डॉक्टर मागेच उभे होते. हा हाताचा मळ आहे, असं म्हणून त्यांनी ताईंच्या टेबलाकडे पाहिलं. तिथे हाताला लावायच्या क्रीमची बाटली होती आणि खोलीची किल्लीही ताईंकडेच असायची. बाहेर पॅसेजमध्ये त्यांनी मला बजावलं, की पुन्हा असंच निघालं तर हाताळणीतला निष्काळजीपणा असं दुरुस्तीच्या कागदावर स्पष्ट लिहा, म्हणजे ताईंच्या जागी दुसरं माणूस बघायला त्यांना मोकळीक. दार उघडं होतं आणि ताईंनी सगळं ऐकलं होतं.

"दादा, मी त्या मशीनला फडकंसुद्धा लावत नाही," मी निघताना त्या म्हणाल्या. "मला भीती वाटते त्याची."

माझा त्यांच्यावर विश्वास बसला. भित्र्या माणसाचा मळ मशीनच्या पोटात कशाला जाईल?

मग मी रीतसर दोषाच्या मागे लागलो. चौथी पट्टी सहाव्या जागी घातली आणि सहावी चौथ्या जागी. दोष पट्टीत असेल, तर वॉर्निंग तिच्या मागोमाग जाते. ती गेली नाही, चौथ्या स्लॉटलाच चिकटून राहिली. म्हणजे स्लॉट ज्यावर असतात तो बोर्डच खराब, असं म्हणून मी अख्खा बोर्ड बदलला आणि चौथ्या स्लॉटमध्ये सीलबंद पाकिटातली कोरी पट्टी स्वतः हातमोजे घालून बसवली. काही दिवसांत पिवळा दिवा परत लागला. पट्टी पहिल्यापेक्षा ओशट होती आणि वळ्यांमध्ये आता बारीक लव होती, तान्ह्या मुलाच्या पाठीवर असते तशी. मी त्याही डबीत भरल्या. त्या दिवशी घरी गेल्यावर मी हात इतके घासले, की बायकोने साबण काढून घेतला.

डॉक्टरांचा धीर संपत आला होता. मी म्हणालो, एक शेवटचं करू. सर्व्हरच्या झाकणाच्या कडेवर कागदी पट्टी चिकटवली आणि तिच्यावर आम्ही दोघांनी सह्या केल्या. झाकण उघडलं, तर कागद फाटणारच. कागद फाटलेला निघाला, तर ताईंनी त्याच दिवशी नोकरी सोडून घरी जायचं असं ठरलं. ताईंनी मान डोलावली.

वॉर्निंग आली तेव्हा आम्ही तिघंही मशीनपुढे उभे राहिलो. कागद जसाच्या तसा होता. मी मशीन बंद केलं, कागद कापला आणि झाकण उचललं.

आधी वास आला. मग ऊब आली. बंद मशीन थोडा वेळ गरम राहतंच, पण ही ऊब दमट होती, अंथरुणातून नुकतंच कुणी उठून गेल्यासारखी.

चौथ्या पट्टीवर दुधावरच्या सायीसारखं काहीतरी धरलं होतं. मी पट्टी ओढली तशी ती साय ताणली गेली.

"हळू," ताई म्हणाल्या. "दुखेल."

साय तुटली. मला तोंडावर हात दाबून बाहेर पळावं लागलं.

परत आलो तेव्हा डॉक्टर माझी डबी घेऊन बाहेर लॅबमधल्या मायक्रोस्कोपपाशी गेले होते. बऱ्याच वेळाने ते उठले, डबी तिथेच ठेवून बेसिनकडे गेले आणि कोपरापर्यंत साबण लावून हात धुवायला लागले. धुऊन झाल्यावर त्यांनी पुन्हा साबण लावला.

"कातडी आहे," ते म्हणाले. "माणसाची."

मी विचारलं, "मेलेली ना?" मळ म्हणजे दुसरं काय असतं?

त्यांनी नळ आणखी मोठा सोडला.

मी म्हणालो, हे मशीन भंगारात घाला. ते तयार होते. मशीन गेलं की रिपोर्टचं सगळं काम बाहेरच्या कंपनीकडे द्यायचं, इथे माणूस ठेवायची गरजच उरणार नाही, असं ते स्वतःशीच बोलल्यासारखं बोलले. ताई दारात उभ्या होत्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज शांत होता.

"नका काढू," त्या म्हणाल्या. "मी बघेन त्याच्याकडे."

डॉक्टरांनी खोलीची आपल्याकडची जादा किल्लीही ताईंच्या हातात दिली. मला म्हणाले, दोष सापडला नाही असं लिहा. मी तसंच लिहिलं. डबीची आठवण मला घरी आल्यावर झाली, पण ती मागायला मी काही फोन केला नाही.

त्यानंतर वॉर्निंग आली नाही.

वार्षिक तपासणीला जावंच लागलं. मशीनच्या नोंदींचा लॉग स्वच्छ होता, एकही चूक नव्हती. ताई थोड्या जाड झाल्या होत्या, चेहऱ्यावर तजेला होता. डॉक्टर आता या खोलीकडे फिरकत नाहीत, असं त्यांनी हसत सांगितलं. टेबलावर कोमट पाण्याचं भांडं होतं आणि मऊ टॉवेल घडी करून ठेवला होता. माझी डबी मशीनच्या वर होती, झाकण उघडं, आत काही नाही.

"त्याचं होतं, त्याला परत दिलं," ताई म्हणाल्या.

झाकण उघडून बघता का, असं त्यांनी विचारलं. मी नको म्हणालो. सही करायला टेबलाशी वाकलो, तेव्हा नेलकटर दिसलं आणि शेजारी कागदावर नखांचे तुकडे. मऊ, ओले, पिवळट.

माझी नजर कुठे आहे ते त्यांनी पाहिलं.

"भराभर वाढतात हो," त्या म्हणाल्या. "नाही कापली तर आतून ओरबाडतं, मग वॉर्निंग येते."

त्यांनी तो कागद नीट दुमडला आणि मला पेन दिलं. त्यांची स्वतःची नखं चांगली लांब वाढलेली होती आणि त्यांना गुलाबी रंग लावलेला होता.