शेवटच्या बंगल्यातली वहिवाट

आमच्या थोरल्याला एक खोड आहे. जे नको असेल ते कधी नव्हतंच, असं तो तोंड वर करून सांगतो. लहानपणी बशी फोडायचा आणि म्हणायचा, आपल्याकडे तसली बशी होती कुठे? मी हसायचे. ते हसू आता मला भोवतंय.

आता तो सोसायटीचा चेअरमन आहे. बंगल्यांच्या दोन रांगा, मधे रस्ता, समोर हमरस्ता आणि त्याच्या पलीकडे सरकारी दवाखाना. आमचा बंगला सगळ्यांत शेवटचा आणि सगळ्यांत जुना. मागे वस्ती. वस्तीतली माणसं आमच्या कुंपणाला लागून यायची, बंगल्यांमधून जायची, दवाखाना गाठायची. आम्ही इथे पाया खणला त्याच्याही आधीपासूनचं हे. रस्त्याच्या कडेची मातीची पट्टी त्यांच्या पायांनी पार गुळगुळीत झाली होती, घासलेल्या ताटासारखी.

मग महापालिकेनं नवा नियम काढला. ज्या रस्त्यावर बाहेरच्यांची वहिवाट नाही, तो रहिवाशांनी खाजगी करून घ्यावा, फाटक लावावं. मी दुसरीपर्यंत शिकलेली बाई, पण वहिवाट मला कोणी समजावून सांगायला नको. थोरल्यालाही नको होतं. म्हणून तर अर्ज करायच्या आधीच त्यानं ती पट्टी खणून काढली, वर विकतची हिरवळ अंथरली, पुढे फाटक ठोकलं आणि मागे आमच्या कुंपणापर्यंत भिंत आणली. वस्ती नाल्याला वळसा घालून जाऊ लागली.

महापालिकेचे साहेब पाहणीला आले तेव्हा मी व्हरांड्यात माझ्या खुर्चीत होते.

"इथून कधी कोणी जात नव्हतं," थोरला म्हणाला.

साहेब माझ्याकडे वळले. "आजी, तुम्ही इथल्या सगळ्यांत जुन्या. खरं का हे?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात हाच हळू आवाजात म्हणतो, "तिला आता काही आठवत नाही हो."

मला म्हणे आठवत नाही. सूनबाईनं मारलेला एकेक टोमणा मी तारीखवार जपून ठेवलाय.

आणि तरी मी गप्प बसले. परक्यासमोर पोटच्या पोराला खोटं कसं पाडायचं, म्हणून. साहेबांनी वहीत काहीतरी टिपलं आणि मी त्यांना चहा विचारला. त्या चहाची लाज मला अजून वाटते.

कारण जिथे हिरवळ घातली, तिथेच हा जन्मला. कळा सुरू झाल्या, गाडी मिळेना, वस्तीतल्या बायांनी मला खाटेवर घालून उचललं. दवाखान्यापर्यंत काही पोचलो नाही. सुईणमावशीनं रस्त्यातच सोडवलं. ती एका पायानं अधू, पाय ओढत चालायची. पुढे रोज माझ्यासमोरून जाताना घटकाभर थांबायची.

"निघालीस का गं?" मी विचारायचे.

"निघाले. तुमचा चेअरमन उठला का?" लहानपणी तो एकदा खुर्चीत बसला की उठायचा नाही, तेव्हापासून तिनं ठेवलेलं नाव. आम्ही दोघी हसायचो.

भिंत झाली आणि काही दिवसांतच हिरवळ तुडवल्यासारखी दबली. सगळी नाही. जुन्या पट्टीएवढीच, सरळ ओळीत. थोरल्यानं वॉचमनला झापलं, कॅमेरा तपासला. कॅमेऱ्यात रिकामा रस्ता. माळ्यानं नवी हिरवळ घातली, ती मात्र टिकली. थोरला खूश झाला.

मग आमच्या व्हरांड्याची पायरी मधेच खोलगट व्हायला लागली, जुन्या कचेरीच्या पायऱ्या होतात तशी. मग दिवाणखान्यातली पांढरी फरशी. स्वयंपाकघराच्या मागच्या दारापासून थेट व्हरांड्यापर्यंत, हात फिरवला तर कळावा असा खोलगट पट्टा. ते दार वस्तीच्या अंगाला उघडतं. भिंत झाल्यापासून त्याला कुलूप. सूनबाई फरशी पुसायची तर पाणी त्या पट्ट्यात लांबच लांब साचून राहायचं. दिवाण बरोबर मधे येत होता. त्याचे पाय डुगडुगायला लागले, तेव्हा तिनं खाली पुठ्ठ्याच्या घड्या सरकवल्या.

"माल हलका निघाला," थोरला म्हणाला. "फरशीवाल्याला धरतो."

"धर," मी म्हटलं. "आणि त्या पट्ट्याच्या एका बाजूला ओढल्यासारखी रेघ का आहे, तेही विचार."

ती रेघ त्यानंही पाहिली होती.

मी नाल्याला वळसा घालून सुईणमावशीकडे गेले. कधी नव्हे ती. दम लागला, दोनदा बसावं लागलं. तिची लेक दारात आली. बस म्हणाली नाही, आणि तिचं बरोबर होतं.

"फाटक झाल्यापासून खाटेवरच आहे," लेक म्हणाली. "एवढा वळसा तिला झेपत नाही. औषध सुटलं. जमिनीला पाय टेकवलेला नाही तिनं."

मावशी डोळे मिटून पडली होती, पण श्वास मात्र लांबून चालत आल्यासारखा. तिच्या पायांवरचं पांघरूण सरकलं होतं, ते सारखं करायला मी वाकले. तळवे गवतानं हिरवे झाले होते. भेगांत पांढरी पूड होती, फरशी कापताना उडते तसली.

"रोज पुसते मी," लेक म्हणाली.

घरी आले तर थोरला जेवून दिवाणावर आडवा होत होता.

"आई, उद्या साहेब शेवटचे येतायत. कोणाची हरकत नाही ना, विचारतील. उद्याच्या सहीनं रस्ता कायमचा आपला. तू नुसती मान हलव."

मी व्हरांड्यात जाऊन बसले. ऊन कडक होतं. सूनबाई वर झोपलेली. फाटकावर वॉचमन पेंगत होता.

आत फरशीवर पाऊल वाजलं. मग ओढल्याचा आवाज. मग पाऊल.

मागचं कुलूप वाजलं नव्हतं.

त्या पावलामागे आणखी पावलं आली. घाईची नव्हती. कामाला निघालेल्या माणसांची होती. दिवाणापाशी आली आणि थांबली, वाटेत कोणी गाढव बांधलेलं असावं तशी.

मग आवाज बदलला. गादीवरून चालल्यासारखा.

प्रत्येक पावलाला थोरल्याचा श्वास तुटत होता.

ते पाय ओढणं व्हरांड्यात आलं, माझ्या खुर्चीसमोर थांबलं. तिथे कोणी नव्हतं. तुडवलेल्या गवताचा वास तेवढा आला. भिंत झाल्यापासून माझी मान खालीच होती. आज मी ती वर केली.

"निघालीस का गं?" मी म्हटलं.

पायरी उतरल्याचा आवाज झाला.

मी आत गेले. थोरला उताणा पडला होता, डोळे उघडे, हात अंगाशी आवळलेले. इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यावर मधोमध आडवा एक पट्टा, गुळगुळीत, घासलेल्या ताटासारखा.

"आई, उठता येत नाहीये गं," तो म्हणाला. "कोण जातंय?"

स्वयंपाकघरात पावलं अजून येतच होती.

"कोणी नाही रे," मी म्हटलं. "इथून कधी कोणी जातच नव्हतं, तूच सांगितलंस ना. उद्या साहेब आले की मला काय काय आठवतं ते मी त्यांना सांगेन. तोवर वाटेत पडलायस, तर गप पडून राहा. निम्मी वस्ती अजून यायची आहे."