उरलेले तीन फोटो

तळ्यावर जायचं कारण अगदी साधं होतं. कॅमेऱ्यातल्या रोलमध्ये तीन फोटो उरले होते आणि ते संपवायचे होते.

कॅमेरा घरातल्या कर्त्या माणसाचा. तो विमा कचेरीत कारकून होता, पण गल्लीत त्याला सगळे 'फोटोवाले' म्हणूनच ओळखत. सोमवार ते शनिवार फायलींत मान घालून बसायचा आणि रविवार उजाडला की बायकोला आणि दोन्ही मुलींना घेऊन घराबाहेर. कधी टेकडी, कधी जुना पूल, काहीच सुचलं नाही तर गावाबाहेरची बंद पडलेली वीटभट्टी. बायको शाळेच्या प्रयोगशाळेत साहाय्यक होती, पोरं तिला लॅबबाई म्हणत, आणि नवऱ्यानंही ते नाव उचललं होतं.

"लॅबबाई, जरा डावीकडे सरका."

"अहो, डावीकडे काटे आहेत!"

"काटे फोटोत येत नाहीत."

असा संसार. फोटो तो काढायचा आणि ते धुण्याची औषधं ती कालवायची, कारण त्याच्या हातून एकही माप कधी बरोबर पडलं नाही. न्हाणीघराच्या खिडकीला घोंगडी लावून, लाल दिव्याखाली, खांद्याला खांदा लावून दोघं उभी राहायची. लग्नानंतरचं सगळ्यात सुखाचं काय, असं कुणी विचारलं असतं तर ती न्हाणीघर म्हणाली असती आणि लोक हसले असते.

त्याचे नियम दोन. अर्धवट रोल कधी उघडायचा नाही, हा पहिला. दुसरा नियम असा, की चौकटीत फक्त घरची माणसं हवीत. परकं माणूस मध्ये आलं की तो कॅमेरा छातीपाशी खाली घ्यायचा आणि ते निघून जाईपर्यंत मुकाट्यानं थांबायचा. एकदा बागेत एक गृहस्थ बाकावर वर्तमानपत्र उघडून बसले, तर हा अर्धा तास तसाच उभा. त्यांना उठवणार नाही, आपण जागा बदलणार नाही. धाकटीला तर हे पाठच झालं होतं. "बाबांचा कॅमेरा खाली, म्हणजे कुणीतरी आलंय," असं म्हणून ती मागं वळून बघायची.

शेवटच्या रविवारी ते याच तळ्यावर होते. जुन्या पंपघराच्या पायऱ्यांवर तिघींना बसवून त्यानं कॅमेरा डोळ्याला लावला आणि मग हळूच खाली घेतला. लॅबबाईनं मागं पाहिलं. पाणी, शेवाळ, पंपघराचं कुलूपबंद दार. माणूस नावाला नाही.

"कोण आहे हो?"

"जाईल आता," तो म्हणाला.

बराच वेळ थांबला. मग कॅमेऱ्यावर झाकण लावलं. "राहू देत हे तीन. पुढच्या रविवारी बघू." दमला असेल, असं तिला वाटलं. दुसऱ्या दिवशी तो कचेरीच्या जिन्यात कोसळला, आणि पुढचा रविवार त्याच्या वाट्याला आलाच नाही.

त्याला आता आठ महिने झाले होते.

माणूस जातो, दिवस जात राहतात. लॅबबाईनं रडणंसुद्धा वेळापत्रकात बसवलं होतं, मुली शाळेत गेल्यावर आणि तिची बस यायच्या आधी. पण एका संध्याकाळी सहा वर्षांच्या धाकटीची चित्रकलेची वही तिच्या हाती पडली. चित्रात चार माणसं होती. आई, ताई, ती स्वतः, आणि चौथ्याला चेहऱ्याच्या जागी एक काळा चौकोन.

"हे काय गं?"

"बाबा." धाकटीनं मान खाली घातली. "मला त्यांचा कॅमेराच आठवतो. चेहरा येतच नाही, आई. मी डोळे घट्ट मिटून बघितलं."

लॅबबाई उठून कपाटाशी गेली. घरात फोटोंच्या सतरा वह्या होत्या आणि एकीतही तो नव्हता. कसा असणार? तो कायम कॅमेऱ्यामागं. लग्नातला फोटो दाखवला, तर त्यातल्या हडकुळ्या मिशीवाल्याकडं बघून धाकटी म्हणाली, "हे बाबा नाहीत." कचेरीच्या ओळखपत्रावरचा फोटो तर असा, की त्यावरून पोलिसांनी त्यालाच धरून नेलं असतं.

तेव्हा तेरा वर्षांची ताई दारात उभी होती. ती चाचरत म्हणाली, "त्या रोलमध्ये एक आहे. मी काढलाय. त्या शेवटच्या रविवारी बाबांनी दोन मिनिटं कॅमेरा माझ्या हातात दिला होता."

म्हणून रोल संपवायचा होता. तसाच उघडला असता तरी चाललं असतं, त्याला कुठं कळणार होतं? पण लॅबबाईला ते जमेना. त्याचे नियम मोडणं म्हणजे तो नाहीच असं कबूल करणं, आणि तेवढी तयारी अजून झाली नव्हती.

रविवारी दुपारी तिघी तळ्यावर पोहोचल्या. ऊन होतं, पण फिकट, ताकद नसलेलं. पंपघराच्या भिंतींवर ओल चढली होती आणि कुजलेल्या पाल्याचा वास पायऱ्यांवर रेंगाळत होता. तिनं एक फोटो ताईचा काढला, एक धाकटीचा. शेवटचा तिघींचा काढायचा होता. ट्रायपॉड उभा केला, कॅमेऱ्यातून पाहिलं. दोघी पायरीवर, मध्ये तिच्यापुरती जागा. तिनं चौकट नीट मधोमध घेतली, दहा सेकंदांची कळ ओढली आणि साडी सावरत धावली.

चहाचा स्टीलचा थर्मास ताईच्या मांडीवर कलंडायला आला होता. बसता बसता लॅबबाईनं तो उचलून दोन्ही हातांत घट्ट धरला. उजवीकडं ताई, डावीकडं धाकटी. समोर कॅमेरा घरघरत होता.

घरघर थांबली. आता 'खट्' व्हायचं.

झालं नाही.

वारा पडला. पायऱ्यांशी चुबुकचुबुक करणारं पाणीसुद्धा गप्प झालं. तिघी दात दाखवून बसल्या होत्या, गाल दुखायला लागले होते. बिघडला की काय, असं म्हणून ती उठणार, तोच धाकटी हळूच म्हणाली, "उठू नकोस ना... थांबलेत ते."

"कोण?"

धाकटी समोर कॅमेऱ्याकडंच बघत राहिली. मग थोड्या वेळानं कुरकुरली, "आई... हात इतका घट्ट नको ना धरूस. गार लागतोय."

"बरं, बरं," लॅबबाई म्हणाली. तिचं सगळं लक्ष कॅमेऱ्याकडं.

खट्.

पाणी पुन्हा हलायला लागलं. तिघींनी चहा घेतला, पाव-लोणी खाल्लं आणि उजेड होता तोवर घरी आल्या.

शनिवारी शाळा अर्धा दिवस. बाहेर लख्ख दुपार, भांडीवाल्याची आरोळी, शेजारच्या रेडिओवर बातम्या. तिनं न्हाणीघराला घोंगडी लावली आणि गच्च काळोखात बोटांनी चाचपत रोल चाकावर चढवला. आठ महिन्यांत पहिल्यांदाच औषधांचा तो आंबूस वास नाकात शिरला, आणि शेजारच्या रिकाम्या जागेनं तिला अगदी हैराण केलं. तिथं एक माणूस असायचा. "बाई, माप बरोबर आहे ना?" असं दर मिनिटाला विचारून डोकं खायचा. आज कुणी खाल्लं तर तिला हवंच होतं.

फिल्म वाळल्यावर तिनं लाल दिवा लावला आणि ताईला आत घेतलं. पहिला कागद ताईनं काढलेल्या फोटोचा. औषधात तो हळूहळू उमटला. मागचं झाड पान न् पान कोरून काढल्यासारखं. पुढं बाबा. नुसता धूर. ताईनं फोकस झाडावर धरला होता.

ताईनं ओठ चावला आणि मग तिचा बांध फुटला. "माझ्यामुळं... एकच होता आणि तो मी घालवला..."

"वेडी का गं तू?" लॅबबाईनं ओल्या हातानंच तिला जवळ ओढलं. "तुझ्या हातात त्यांनी कॅमेरा दिला. माझ्या हातात पंधरा वर्षांत दिला नाही. चल, आपला तिघींचा बघू."

तो कागद तिनं औषधात सोडला. पायऱ्या आल्या, पंपघराचं दार आलं, तिघींचे ताणलेले हसरे चेहरे आले. पण चौकट तिनं लावली तशी नव्हती. तिघी एका बाजूला गेल्या होत्या आणि धाकटीच्या पलीकडं पायरीची रिकामी जागा आली होती, बरोबर एका माणसापुरती.

मग तिला धाकटीचे हात दिसले. एक आईच्या दंडात अडकवलेला. दुसरा त्या रिकाम्या जागेकडं लांबवलेला, बोटं मिटलेली.

लॅबबाईनं स्वतःचे हात पाहिले. दोन्ही थर्मासवर होते.

"आई," ताई कागदावर वाकली. "थर्मासमध्ये बघ... कुणीतरी आहे."

चकचकीत स्टीलवर समोरचा सगळा तळ्याचा काठ उमटला होता, इवलासा, वाकडा. ट्रायपॉड, त्यावर कॅमेरा. आणि त्याच्या शेजारी कुणीतरी उभं.

तिनं फोटो मोठा करायचा एन्लार्जर होता नव्हता तेवढा वर चढवला आणि फक्त थर्मासचा तुकडा नव्या कागदावर घेतला. मापं चुकली नाहीत. लाल उजेडात आधी चष्मा आला. मग एक वर, एक खाली अशा भुवया. मग दाढी करताना कायम राहून जाणारा हनुवटीखालचा तो कोपरा.

"अहो..." एवढंच तिच्या तोंडून निघालं.

भीती वाटायला हवी होती. नाही वाटली. खरं सांगायचं तर आठ महिन्यांत तिला इतकं बरं वाटलं नव्हतं. आला होता. रोल संपवायला आला होता, कामचुकार कधीच नव्हता. तिनं तो ओला कागद तसाच ताटलीत धरून बाहेर आणला. धाकटी खिडकीशी उन्हात बसली होती.

धाकटीनं बघितलं आणि तिचा चेहरा उजळला. "हेच! हेच बाबा!" तिनं कागदावर हनुवटीपासून कपाळापर्यंत बोट फिरवलं. "आता मला येणार. आता मी डोळे मिटले की येणार." आणि खरंच डोळे मिटून, मान हलवून हसली. ताई हसली, लॅबबाईही हसली, तिघींच्या डोळ्यांना पाणी.

मग धाकटीनं डोळे उघडले आणि पुन्हा निरखून पाहिलं. त्याच्या गळ्यात पट्टा होता. ट्रायपॉडवर होता तोच कॅमेरा त्याच्या हातातही होता, छातीपाशी, खाली घेतलेला. म्हणून तर चेहरा दिसत होता. आणि तो हसत नव्हता. धाकटीच्या पलीकडं कुठंतरी बघत होता, बागेतल्या त्या गृहस्थांकडं बघायचा तसा, धीर धरून.

"आई," धाकटी हळू आवाजात म्हणाली, "बाबांनी कॅमेरा खाली घेतलाय."

शेजारचा रेडिओ चालू होता.

"सोन्या," लॅबबाईनं शेवटी विचारलं, "तळ्यावर तुझा हात..."

"तूच धरला होतास ना?"

"हो," लॅबबाई म्हणाली. "मीच."

तो फोटो आता दिवाणखान्यात आहे. धाकटी शाळेत जाताना त्याला टाटा करते, आणि चित्राच्या वहीत चौथ्या माणसाला चष्मा आला आहे. आलेगेले विचारतात, फोटोवाल्यांचा इतका सुंदर फोटो कुणी काढला? ताई म्हणते, आम्हीच.

लॅबबाईला मात्र एक सवय लागली आहे. दुकानाची काच, बसचा आरसा, वाढायचं पातेलं, जे जे चकाकतं त्यात ती आधी बघते. त्यानं कॅमेरा डोळ्याला लावलेला दिसावा, एवढंच तिला हवं आहे. चेहरा नाही दिसला तरी चालेल.

रस्त्यानं जाताना ती धाकटीचा डावा हात सोडत नाही. परवा शाळेतून येताना मात्र फाटकापाशी तिचं लक्ष गेलं. पोरगी तिच्याशी बडबडत चालली होती आणि तिचा उजवा हात अंगापासून थोडा लांब होता, बोटं मिटलेली.