मोटारीला मुशीचं तेल

केसरने चांगदेवला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तो खाडीच्या मधोमध एका मोटारीला मिठी मारून उभा होता.

तसं बघायला गेलं तर त्यात प्रेमाचा काही संबंध नव्हता. दिघीहून आगरदांड्याला मोटार आणायची, तर दोन मचवे शेजारीशेजारी बांधायचे, वर फळ्या टाकायच्या, फळ्यांवर मोटार चढवायची आणि देवाचं नाव घ्यायचं. सन एकोणीसशे तेहतीसच्या त्या वैशाखात देवाचं नाव सगळ्यांनीच घेतलं होतं. मिठी मात्र एकट्या चांगदेवने मारली होती. लाट उसळली की तो कोटाच्या बाहीने मोटारीचा काळा रंग पुसायचा. पुन्हा लाट, पुन्हा बाही. समुद्राशी एवढा हट्ट धरणारा माणूस केसरने आजवर पाहिला नव्हता.

मचवे काठाजवळ आले तेव्हा ती किनाऱ्यावर उपड्या होडीला तेल चोळत होती. हात कोपरापर्यंत माखलेले, कपाळावर एक बट आलेली... बट मागे सारायला तिने मनगट वर नेलं, आणि नेमकं तेव्हाच त्याने तिच्याकडे पाहिलं. पाहिलं ते पाहतच राहिला. त्याच्या हातातला पत्र्याचा डबा निसटला, फळीवर एकदा वाजला आणि—डुबुक!

"गेला!" तो ओरडला. "मेणाचा डबा गेला!"

"माणूस ऱ्हायला ना?" केसर इकडून ओरडली. "मग कशाला बोंबलताय?"

"माणूस दुसरा मिळेल हो! मेण कुठून मिळणार?"

असं उत्तर देणारा माणूस एक तर वेडा असतो नाही तर फार कामाचा. केसरने ठरवलं, दोन्ही असू शकतं.

मोटार काळूरामशेठची. शेठ सुपारीचे व्यापारी. त्यांच्या मुलाचं लग्न मुरुडला ठरलं होतं आणि व्याह्यांनी ग्रामोफोन घेतल्याची खबर आली होती. ग्रामोफोनला उत्तर म्हणून शेठनी मुंबईहून एक जुनी मोटार विकत घेतली आणि तिच्याबरोबर चांगदेव नावाचा शोफरही उचलून आणला. मोटार आली, वाजतगाजत बंदरावरून चालली आणि शेठच्या आळीच्या तोंडाशी अडली. आळी अरुंद. आळी रुंद करायची तर दोन्हीकडच्या पाच घरांना मागे सरकायला सांगायला हवं होतं. शेठनी सांगूनही पाहिलं, पण घरं ऐकेनात.

तेव्हा मोटार राहायला आली ती धर्माजी सुताराच्या मांडवात. धर्माजी म्हणजे केसरचा बाप. होड्या बांधायच्या, पावसाळ्याआधी किनाऱ्यावर ओढून त्यांना तेल पाजायचं, हा त्याचा धंदा. झावळ्यांच्या त्या मांडवात दोन होड्यांच्या मध्ये मोटार अशी काही बसली, की तिसरी होडीच वाटावी.

धर्माजीने पहिल्या दिवशी मोटारीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्याने चांगदेवला समोर बसवलं आणि गाव, कूळ, देवक, मामाचं आडनाव सगळं विचारून घेतलं. पोरगा निघाला माणगावकडचा, गाड्या बांधणाऱ्या सुताराच्या घरचा. म्हणजे आपल्यातलाच.

"मग लाकूड सोडून पत्र्याला का लागलास?" धर्माजीने विचारलं.

"बैलगाडीला चकाकी नसते, मामा."

"बैलाला आसते की," असं म्हणून धर्माजी उठून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठ आले. मोटार बघायची त्यांची एक रीत होती. ते बॉनेटपुढे वाकायचे आणि त्यात स्वतःची मिशी बघायचे. मिशी ते कलप लावून काळी करत, त्यामुळे ती वारंवार बघणं भागच होतं.

शेठ वाकले आणि तसेच वाकलेले राहिले.

"चांगदेव."

"जी?"

"माझी मिशी पांढरी का दिसत्ये?"

रात्रभर खाडीवरून वारा आला होता. खारा वारा मोटारीवर बसला, की सकाळी रंगावर पांढुरकी साय धरते. चांगदेवने सगळं समजावलं. गोड्या पाण्याने धुवायचं, मऊ कातड्याने टिपायचं आणि मग मेण चोळून रंगावर जणू दुसरी कातडी चढवायची, म्हणजे मीठ आत शिरत नाही. पण मेणाचा डबा पडला खाडीत...

"कसा पडला?"

चांगदेवची नजर होडीपाशी उभ्या केसरकडे गेली आणि घाईघाईने परत आली. "लाट आली, शेठ."

"शुक्रवारी मिरवणूक आहे. शुक्रवारी सकाळी या मोटारीत माझी मिशी काळी दिसली, तर तू इथे कायमचा. नाही दिसली, तर मोटार माणगावच्या दलालाला आणि तू मुंबईला. कळलं?"

शेठ तपकिरीची चिमूट ओढून गेले. केसरला मघापासून हसू येत होतं. पण 'मुंबईला' हा शब्द कानी पडला आणि ते हसू विरलं. कालच तर आला होता हा! कालच्या माणसाच्या जाण्याने छातीत एवढं धस्स कशाला व्हावं? ती स्वतःवरच चिडली, आणि चिडली की तिला कामाचं सुचायचं.

"ओ मुंबईकर, तुमच्या मोटारीला मीठ लागतंय, व्हय ना?"

"हो."

"आमच्या होड्या वर्षभर मिठातच पडून असतात. त्यांना काय हुतंय?"

चांगदेवने होडीकडे पाहिलं. होडी काळीभोर, तुकतुकीत. "तुम्ही काय लावता?"

केसरने मडकं पुढे केलं. "मुशीच्या काळजाचं तेल."

प्रेमकथेत काळीज कुठे ना कुठे येतंच. या कथेतलं मुशीचं होतं. मुशी म्हणजे तो दातांचा मोठा मासा. त्याचं काळीज कढवून तेल काढतात आणि ते प्यायलेलं लाकूड समुद्राला दाद देत नाही. त्या तेलाला वास असतो. मात्र होड्यांच्या घरात जन्मलेल्या माणसाला तो येत नाही. धर्माजीच्या घरात तर चार पिढ्या तो कुणाला आलेला नव्हता.

चांगदेवने मडक्यात डोकावलं. त्याचे डोळे भरून आले. मग त्याने खिशातून रुमाल काढला आणि नाकावर बांधला.

"ह्ये काय?"

"ऊन लागतं."

मांडवात ऊन नव्हतं. मुंबईची फॅशन असेल, असं म्हणून केसरने ते सोडून दिलं. त्याच्या पाणावलेल्या डोळ्यांचं मात्र तिला फार वाटलं. एका मोटारीसाठी रडतो... जीव लावणारा माणूस दिसतो!

दोघं कामाला लागली. तो जुन्या धोतराच्या फडक्याने लहान लहान गोल काढत होता. ती तळहाताने लांब हात मारत होती.

"गोल कशाला फिरताय? जत्रेत आलाय का? लांब हात घ्या, लाकडाच्या रेघेनं."

"ही लोखंडाची आहे. हिला रेघ नसते."

"आसते. बघनाऱ्याला दिसते."

"दाखवा."

तिने बॉनेटवरून बोट ओढलं. तो वाकून पाहू लागला. त्या काळ्या आरशात तिचा चेहरा उलटा दिसत होता, तो त्याने सावकाश आणि सगळा पाहिला.

"दिसली?" केसरने विचारलं.

"स्पष्ट."

खाडीवरून वारा आला, झावळ्या सळसळल्या. बॉनेटच्या एका टोकाकडून तिचा हात निघाला, दुसऱ्या टोकाकडून त्याचं फडकं, आणि मधोमध दोन्ही अशी भेटली, की मागे कुणी सरायचं हे दोघांनाही सुचेना.

"होडीला तेल लावताय का मोटारीला झोपवताय?" आतून धर्माजी ओरडला. हात सुटले.

संध्याकाळपर्यंत मोटारीची डावी बाजू झाली. उजवी दुसऱ्या दिवसावर गेली.

शुक्रवारी सकाळी शेठ आले, वाकले... आणि त्यांच्या तोंडून आपसूक 'अहाहा!' निघालं. मिशी काळी दिसत होती. खरीपेक्षा काळी, शिवाय वयाने लहान. वासाचं म्हणाल, तर तपकिरीने शेठचं नाक केव्हाच निवृत्त झालेलं. नवरदेवाच्या नाकापुढे मोगऱ्याच्या मुंडावळ्या. बाकीचे आगरदांडेकरच, त्याच वासात वाढलेले. सनई वाजली, मोटार गुरगुरली आणि मिरवणूक पायी चालीने मुरुडला निघाली. बायकांमध्ये केसरही होती, नव्या हिरव्या लुगड्यात. चांगदेवने आरशातून तिला पाहिलं. तिनेही त्याच आरशातून त्याला पाहिलं. मोटार रस्त्याच्या कडेला गेली आणि परत आली.

सगळं छान चाललं होतं. वाटेत कोळीवाडा लागला.

आधी एक मांजर आलं. भिंतीवरून उतरलं, मोटारीच्या मागे चालू लागलं. मग त्याची बहीण आली. मग बोके आले, बाळंतिणी आल्या, एका छपरावरून तर कुटुंबच्या कुटुंब उतरलं. कुणी घाई केली नाही, कुणी भांडलं नाही. आमंत्रण असल्यासारखी शेपट्या ताठ करून ती मिरवणुकीत सामील झाली. वाजंत्रीवाल्याने मागे पाहिलं आणि त्याचा सूर चुकला. एका बोक्याने मडगार्ड चाटलं आणि पुढच्यांना पसंती कळवली.

केसरच्या पायाखालची वाट सरकली. तेल! मांजरांना तेलाचा वास आला होता. म्हणजे तेलाला वास होता! म्हणजे... शेठची अब्रू जाणार, मोटार माणगावला आणि तो मुंबईला. तिच्याच हाताने केलेलं. ती पदर खोचून मोटारीजवळ धावली.

"श्श! हाड! चांगदेव, पळवा ना मोटार!"

"मिरवणूक आहे! पळवली तर वाजंत्री मागे राहील!"

"माझ्यामुळं झालं ओ सगळं..."

"केसर," सुकाणूवरचा हात न काढता तो म्हणाला, "उजव्या बाजूच्या त्या गलेलठ्ठ बोक्याला तेवढं उतरव. तो नवरदेवाच्या मांडीवर बसलाय."

तो तिला 'तुम्ही'वरून 'तू'वर केव्हा आला, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही. बोक्याच्याही नाही.

व्याह्यांच्या दारात नवरीची आजी गोदूबाई आरतीचं ताट घेऊन उभी होती. तिला अख्खं मुरुड घाबरायचं. ग्रामोफोनसुद्धा ती आली की अडखळायचा. तिने मोटार पाहिली. मग मोटारीच्या मागचं पाहिलं.

"थांबा!"

सनई थांबली. मांजरंही थांबली आणि रस्त्यात बसून अंग चाटू लागली. शेठची मिशी आता कलप असूनही पांढरी दिसू लागली होती.

"भटजी, मांजर आडवं गेलं तर काय?" गोदूबाईने विचारलं.

"अपशकुन."

"ही आडवी गेली?"

भटजींनी रस्ता नीट पाहिला. "नाही. मागून आली."

"मागून आली तर काय?"

भटजींनी डोळे मिटले. शास्त्रात कुत्रा होता, कावळा होता, पाल होती. मिरवणुकीच्या मागून शिस्तीत चालत येणारं मांजर कुठेच सापडेना. पोट रिकामं, मुहूर्त जवळ आलेला... "मागून आली तर... दोष नाही."

"दोष?" गोदूबाई कडाडली. "अरे, मांजर सटवाईचं वाहन! माझ्या नातीच्या दारात आई स्वतः आली, लवाजमा घेऊन! घर पोरांनी भरणार!" आणि तिने नवरदेवाच्या आधी बोक्याला ओवाळलं.

जमलेल्यांना एकदम आधीपासूनच तसं वाटत होतं असं वाटू लागलं. अक्षता पडायच्या आत मुरुडच्या दोन घरांनी आपापल्या लग्नांना मोटार मागितली, मांजरांसकट. शेठ छाती फुगवून म्हणाले, "आमची खास तजवीज आहे ती! चांगदेव, तू कुठेही जायचं नाहीस!"

केसरने ते ऐकलं आणि गर्दीत कुणाच्या नकळत एक गिरकी घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मांडवात ती रिठ्याच्या पाण्याने मोटार धूत होती. चांगदेव विहिरीवर गेला होता. सीट पुसायला म्हणून तिने गादी उचलली, तर खाली एक पत्र्याचा डबा. झाकणाचं सीलही फुटलेलं नव्हतं.

घागर घेऊन चांगदेव आला आणि डबा बघून तिथेच उभा राहिला.

"ह्ये काय?"

"...मेण."

"म्हंजे व्हतं?"

"होतं. दुसरा डबा. मला खरंच आठवलं नव्हतं, शपथ! त्या संध्याकाळी आठवलं. पण तोवर तुझी डावी बाजू चोळून झाली होती."

"मग सांगायचं न्हाय?"

"सांगितलं असतं, तर..." त्याने घागर खाली ठेवली. "तर उजवी बाजू तू चोळली नसतीस."

केसरच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "आनि वास? तुला वास आला व्हता?"

"मडकं उघडलंस तेव्हाच. डोळ्यांतून पाणी आलं."

"मला वाटलं मोटारीसाठी रडतोस!"

"मोटारीसाठी कोण रडतं, केसर? नोकरी गेली असती, मुंबईला गेलो असतो... तरी दोन दिवस तुझ्यासमोर उभा राहायला मिळत होतं. मी हिशेब केला. परवडत होतं."

ती डबा हातात फिरवत राहिली. मग डोळे खाली ठेवूनच म्हणाली, "येक सांगू? तेलाचा येक हात पुरतो. होडीला आम्ही येकच देतो."

"मग मोटारीला तीन का दिलेस?"

"...मोटार लय खडबडीत व्हती."

"आरशासारखी होती!"

"मग आरशाला इचार," ती म्हणाली, आणि दोघं इतकी जवळ होती, की आरशाला विचारायची गरज उरली नाही.

होडीच्या पलीकडून खाकरल्याचा आवाज आला. धर्माजी उभा राहिला. तो केव्हापासून तिथे होता, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. त्याने तेलाचं मडकं उचललं, चालत आला आणि ते चांगदेवच्या नाकाखाली धरलं.

"गाव बघितलं, कूळ बघितलं. आमच्या घरात येकच रीत हाय. जावयाचं नाक आमच्यासारकं पायजे. सांग—वास येतो?"

मांडवाबाहेर मांजरं कान टवकारून बसली होती. केसरने श्वास रोखला. चांगदेवने मात्र छाती भरून घेतला, आत, खोलवर. त्याचा चेहरा आधी लाल झाला, मग हिरवट. डोळ्यांतून दोन धारा लागल्या आणि गालांवरून ओघळत हनुवटीला आल्या.

"वास?" केसरकडे पाहत तो म्हणाला. "कसला वास, मामा?"