तेलाच्या जहाजावरच्या माणसाचं पान

ही गोष्ट खरी आहे. माझ्याच घरात घडली, माझ्या सख्ख्या भावाची आहे. भुतं रात्रीच येतात असं लोक सांगतात. सांगोत बापडे. आमच्याकडे संध्याकाळी आलं... चूल पेटलेली, भात शिजलेला, अशा वेळी.

साल १९४४. हिवाळा तोंडावर आलेला. गाव आमचं जपानात, तोकुयामाच्या खाडीवर. समोर आरमाराच्या तेलाच्या मोठमोठ्या टाक्या दिसायच्या, आणि आमच्या घरात दिव्यात घालायला तेल नव्हतं. आजही ते आठवलं की माझं डोकं फिरतं.

मी तोमिए. तेव्हा विशीतली. घरात आम्ही तिघी बायाच. आई, मी आणि नुई वहिनी. माझा दादा इसोकिची आरमाराच्या तेलवाहू जहाजावर होता, खाली भट्टीपाशी.

शेवटचा घरी आला तो वसंतात. जहाज समोरच तेल उतरवत होतं, म्हणून एका रात्रीची सुट्टी मिळाली. अंगाला असा उग्र वास की आईने त्याला आधी न्हाणीत पिटाळलं. न्हाऊन आला तरी वास होताच.

"काय रे हे? तेलात मुरत घातलंय का तुला?" आई म्हणाली.

"लोणचं झालंय माझं." दादा हसला. "आम्ही म्हणजे आरमाराची दाई गं. लढाऊ जहाजांना भर समुद्रात पाजत फिरायचं. पदकं त्यांना. पाणबुडी मात्र आम्हालाच हुडकते."

"तुम्हाला का?"

"दाई मारली की पोरं आपोआप मरतात."

वहिनीने हातातला डाव आपटला. "जेवताना असलं अभद्र बोलू नये हो."

दादाने वाडगा खाली ठेवला. मग हळूच म्हणाला, "बोर्निओचं तेल विहिरीतून निघतं तसंच भट्टीत घालतोय आम्ही. शुद्ध करायला वेळ कुणाला आहे? इतकं झटकन पेटतं ते... काडी ओढायला जीव घाबरतो."

सकाळी गेला. परत आला नाही.

म्हणजे... आला. तेच सांगतेय.

आमच्याकडे घरातला माणूस दूर गेला की रोज संध्याकाळी त्याचं पान मांडतात. त्याची बसायची गादी, त्याचा वाडगा, जेवणाच्या काड्या समोर आडव्या. वाडग्यात गरम भात आणि वर झाकण. बाकीच्यांची जेवणं झाली की झाकण उचलायचं. आतून पाण्याचे थेंब धरलेले असले की माणूस सुखरूप आहे. मग तो भात आम्हीच वाटून खायचो.

मेलेल्या माणसाचं वेगळं. त्याला भात शीग लावून वाढायचा, झाकण घालायचं नाही, आणि काड्या भातात उभ्या खोचायच्या. जिवंत माणसाच्या भातात चुकूनसुद्धा काड्या उभ्या करत नाहीत.

आई रोज झाकण उचलायची. थेंब बघायची. म्हणायची, "आहे गं माझं लेकरू." मगच तिला झोप लागायची.

दादाची पत्रं थांबली. थेंब थांबले नव्हते.

मग एक संध्याकाळ आली... आई चुलीवरची किटली आणायला उठली होती. वहिनीला काय वाटलं कोण जाणे, तिने झाकण जरासं उचलून पाहिलं.

कोरडं.

भातातून वाफ निघत होती. आणि झाकण... ठणठणीत कोरडं.

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा मला अजून दिसतो. मग तिने माझ्या पेल्यातल्या जवाच्या चहात बोटं बुडवली आणि झाकणाच्या आत पाणी शिंपडलं.

आई किटली घेऊन आली. बसली. झाकण उचललं.

"आहे गं माझं लेकरू."

त्या दिवसापासून वहिनी रोज झाकण ओलं करू लागली.

तेव्हा गावातल्या बायांना डोंगरावर पाइनची मुळं खणायला जावं लागायचं. त्या मुळांपासून विमानासाठी तेल काढणार होते म्हणे! तेलाची जहाजं समुद्राच्या तळाशी, आणि बाया मुळं उकरतायत. तिथे मी वहिनीला गाठलं.

"वहिनी, किती दिवस हे करायचं?"

तिने कुदळ थांबवली नाही. "आरमाराने काही कळवलंय?"

"नाही."

"मग ते जिवंत आहेत. तू आणि मी कोण त्यांना मारणाऱ्या?"

मी आमच्या आळीच्या प्रमुखांकडे गेले. मोरिवाकीकाका. "काका, तेलाच्या जहाजांची काही खबर?"

त्यांनी आधी मागेपुढे पाहिलं. "बुडालं असं म्हणालीस का तू?"

"नाही."

"मग म्हणूही नकोस. पोलीस उचलतील. कागद आला की माणूस मेला. कागद येईपर्यंत धडधाकट आहे, समजलं? आणि पोरी, मुळं कमी भरतायत तुमच्या घराची."

असा तो माणूस. त्याचा तरी काय दोष म्हणा, त्याला वरून हेच सांगितलं असणार. पण मला त्याची कीव कधी आली नाही.

आणि त्यानंतर ते सुरू झालं.

आधी नुसता वास. संध्याकाळी भात वाढला की मागच्या दाराकडून यायचा... जड तेलाचा. वाऱ्यावर टाक्यांकडून येत असेल, असं मी स्वतःला समजावलं. पण वारा उलट्या दिशेचा होता.

मग पावलं.

ओली. चप... चप... मागच्या अंगणातून यायची आणि खडावा काढतो त्या दगडापाशी थांबायची. दार सरकवून पाहिलं तर कोणी नसायचं. दगड मात्र ओला असायचा.

आणि आवाज...

"आलो गं."

दादा बाहेरून आला की असंच म्हणायचा. मी ऐकलं. वहिनीने ऐकलं. आम्ही दोघींनी माना खाली घातल्या.

आईला अलीकडे कमी ऐकू यायचं. पण तिने मान वर केली. "ये रे बाबा, ये."

त्या संध्याकाळी झाकण उचललं तर भात बर्फासारखा गार पडला होता. वर तेलाचा तवंग. सात रंग चमकत होते त्यावर.

तुम्ही म्हणाल, तो भात आम्ही फेकून दिला असेल. नाही. आम्ही तो पाण्यात धुतला आणि खाल्ला. घरात दुसरं काय होतं? युद्धाने आम्हाला कुठवर आणलं होतं ते यावरून समजा.

दिवस जात राहिले. पावलं दगडापाशी थांबेनात. ओटीवर आली. मग आत. एका संध्याकाळी दादाची गादी दबली... माणूस टेकल्यावर दबते तशी. कापडावर काळा ओला डाग पसरत गेला.

आम्ही जेवत होतो. कोणी हललं नाही. आईने दादाच्या पानावर मुळ्याच्या लोणच्याची फोड ठेवली.

आणि मग गादीवरून आवाज आला. अगदी जवळून.

"नुई... भूक लागलीय गं. झाकण काढ ना. माझ्यासाठी कधी काढतच नाहीस."

वहिनीच्या हातातला वाडगा पडला.

"जहाजावर कोणी वाढत नाही," तो म्हणाला. "खाली अंधार आहे. भट्टी विझलीय. कामाची पाळी संपली तरी बदलीला कोणी येत नाही. किती वेळ झाला गं?"

त्याला ठाऊकच नव्हतं.

माझा भाऊ मेला होता आणि ते त्याला कोणी सांगितलं नव्हतं. आम्ही रोज त्याला जिवंत माणसाचं पान वाढत होतो. जिवंताचा भात मेलेल्याला खाता येत नाही, आणि जिवंताचं पान मांडलंय म्हटल्यावर तो जाणार तरी कुठे?

वहिनी आईच्या पायाशी कोसळली. "आई, माझं चुकलं. झाकण कधीच कोरडं झालं होतं. मीच ओलं करत होते."

आई शांत होती. "माहीत आहे मला. पाण्याला रंग नसतो. तुझे थेंब जवाच्या चहाचे होते. कान गेलेत माझे, डोळे नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर दोघींनाही रडावं लागलं असतं. रडायला परवानगी कुठे आहे? अजून कागद आलेला नाही."

गादीवरून पुन्हा आवाज आला. "आई... नुई काढत नाही बघ झाकण."

आईने वहिनीच्या पाठीवर हात ठेवला. "सांग त्याला. घरच्याच माणसाने सांगावं लागतं. परक्याचं ऐकत नाहीत ते. मी जन्म दिलाय त्याला, माझ्या तोंडून नाही निघायचं. तू सांग."

वहिनी उठली. तिने दादाचं झाकण काढून बाजूला ठेवलं. भांड्यात होता नव्हता तेवढा भात त्याच्या वाडग्यात शीग लावून भरला. रताळ्याचे तुकडे वेचून काढले, नुसता पांढरा भात ठेवला. मग त्याच्या काड्या उचलल्या.

तिचा हात हवेत थांबला. मला वाटलं, हिच्याने होणार नाही.

तिने काड्या खोचल्या. उभ्या.

"अहो," ती म्हणाली, "तुमचं जहाज बुडालं. तुम्ही गेलात. आम्हालाच कोणी कळवलं नाही, म्हणून सांगायला उशीर झाला. माफ करा. आता पोटभर जेवा आणि जा."



चूल धुमसत होती. तेवढीच.

मग गादी हळूहळू वर आली... बसलेला माणूस उठावा तशी. भात जागचा हलला नव्हता, पण त्यातून निघणारी वाफ एकाएकी नाहीशी झाली.

"असं होय..." दादा म्हणाला. एवढंच. त्या एवढ्याशा शब्दांत माझ्या भावाचं सगळं आयुष्य संपलं. वहिनी तोंडात पदर कोंबावा तशी किमोनोची बाही कोंबून रडत होती.

पावलं मागच्या दाराकडे गेली. दगडापाशी थांबली.

"नुई."

"हं?"

"मग बाकीच्यांना कोण सांगणार गं?"

आणि तेव्हा आम्हाला ऐकू आलं... मागच्या अंगणात, कुंपणापर्यंत... किती तरी ओली पावलं. एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर देत उभी. थंडीत रांगेत ताटकळलेली माणसं चुळबुळतात ना, तशी.

दादा त्यांच्यासोबत आला नव्हता. तेच त्याच्यामागून आले होते. घर सापडलेला तो एकटाच होता.

मी दार उघडायला गेले नाही. आईने मला धरून ठेवलं होतं, आणि खरं सांगायचं तर तिने धरलं नसतं तरी मी गेले नसते.

युद्ध संपल्यावर कागद आला. पांढऱ्या कापडात गुंडाळलेली पेटीही आली. आत अस्थींच्या जागी एक दगड होता. घेऊन येणारा माणूस वाकून नमस्कार करत म्हणाला, "आपल्या इसोकिचींनी देशासाठी..." आई त्याला मध्येच तोडून म्हणाली, "आम्ही कधीच सांगितलंय त्याला." त्याला वाटलं म्हातारीचं डोकं फिरलंय.

दादा पुन्हा आला नाही. आई गेली. नुई वहिनीने दुसरं लग्न केलं नाही, तीही याच घरात गेली. आता मी एकटी असते.

पण ती पावलं...

रोज नाही येत. हिवाळा तोंडावर आला की येतात. पूर्वी पुष्कळ असायची. आता कमी झालीत. काहींच्या घरच्यांनी त्यांना गाठलं असेल, सांगितलं असेल, असं मी धरून चालते.

एकजण मात्र अजून येतो. आवाज कोवळा आहे. बोली आमच्याकडची नाही, उत्तरेकडची असावी. दगडापाशी उभा राहतो आणि अदबीने विचारतो, "काकू, आमची पाळी संपली का हो?"

मी त्याला सांगून पाहिलं. बाळा, तू गेलास, सगळे गेले, युद्धही कधीच संपलं. भात शीग लावून ठेवला, काड्या उभ्या केल्या.

तो ऐकून घेतो. पण परक्याचं त्याला पटत नाही.

"बरं," म्हणतो. "आई सांगेल तेव्हा जाईन."

त्याची आई कुठल्या गावची, मला ठाऊक नाही. असती तरी ती आज शंभरीच्या पुढे गेली असती.