एकोणीस नंबरची मोजणी

माझ्या प्रयोगातल्या पेशी मोजून देणारी मैत्रीण बाळंतपणाच्या रजेवर गेली, त्याच दिवशी मायक्रोस्कोपच्या खोलीत तो दिसला. शेजारच्या लॅबमध्ये हाडांच्या पेशींवर काम करायचा. मी विचारलं, "शंभराच्या पुढे मोजता येतं का?"

"मध्ये कुणी बोललं नाही तर येतं," तो म्हणाला... आणि महिनाभर स्वतःच बोलत राहिला.

माझं काम मेलानोमावर, म्हणजे तिळासारख्या डागातून वाढणाऱ्या त्वचेच्या कॅन्सरवर. त्या पेशींना औषध द्यायचं आणि दोन गोष्टी बघायच्या – त्यांची वाढ थांबते का, आणि बारीक जाळीतून पलीकडे घुसणं थांबतं का. अठरा औषधं फुकट गेली होती. एकोणिसाव्याने वाढ निम्म्यावर आणली. आता घुसणंही थांबलं तर माझा प्रबंध पूर्ण. नाहीतर विषय बदला, असं सरांनी स्पष्ट सांगितलं होतं. म्हणजे चार वर्षं पाण्यात. मी इतकी दमले होते की लिफ्टमध्ये उभ्या उभ्या डोळा लागायचा. आईनेही फोनवर "अजून किती?" विचारणं सोडून दिलं होतं.

कुठल्या काचेवर औषध दिलेल्या पेशी आहेत, हे मोजणाऱ्याला कळू द्यायचं नसतं. कळलं की नजर आपोआप एका बाजूला झुकते. म्हणून मी काचांवर नुसते आकडे घालायचे, कुठला आकडा औषधाचा ते फक्त मला ठाऊक, आणि तो सांगेल ते शेजारी बसून लिहायचे. तो मला 'तीळवाल्या बाई' म्हणायचा. जेवलात का, म्हणून विचारायचा आणि मी "मोजा" म्हटलं की निमूटपणे मोजायचा. त्या खोलीत मला बरं वाटायचं. दिवसभरात तेवढंच बरं वाटायचं.

शेवटच्या दिवशी सगळ्या मोजणीची बेरीज केली. औषधाच्या काचांवर पलीकडे गेलेल्या पेशी, बिनऔषधाच्या काचांच्या मानाने, जेमतेम पाव. मला रडूच आलं. तो मात्र उगाच भिंग पुसत उभा.

"ही मोजणी धरू नका," तो म्हणाला. "औषधाची काच आली की तू... तुम्ही श्वास रोखता. मला कळायचं. मग कडेच्या, अर्धवट, पुसट दिसणाऱ्या सगळ्या पेशी मी सोडून द्यायचो. तू एकदा हसावंस असं वाटायचं."

"आधी का नाही सांगितलं?"

"मग शेजारी बसायला मिळालं नसतं."

मला खूप राग आला. मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. वरच्या मजल्यावरच्या एका खडूस बाईंनी सगळं पुन्हा मोजलं. त्यांना माझ्या श्वासाचं काही पडलेलं नव्हतं. वाढ निम्मी, पण घुसणं जवळपास औषधाशिवाय होतं तेवढंच. सरांनी ऐकून घेतलं आणि नव्या विषयाचा कागद पुढे सरकवला.

बाहेर आले तर तो जिन्यात उभा होता.

"गप्प बसलो असतो तर सुटली असतीस."

"सुटले असते. आणि पुढे कुणाच्या तरी अंगात त्या पेशी घुसतच राहिल्या असत्या," मी म्हटलं. "माझं प्रेम आहे तुझ्यावर. पण आज ते सांगायचं त्राण नाही... उद्या सांगेन."

सांगून झालंय, हे त्याने दाखवून दिलं नाही. माझी बॅग खांद्याला लावली आणि माझ्या चालीने, एकेक पायरी, जिना उतरू लागला.